फाब्री रोग : मूत्रपिंडाच्या हानीच्या मूत्रातील आद्य खुणा

एक्स गुणसूत्रावरील जनुकदोषामुळे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज-ए हे एन्झाइम कमी पडून जीबी-३ हा स्निग्ध पदार्थ पेशींत साचत जाणारा आनुवंशिक चयापचय रोग. योहानेस फाब्री व विल्यम अँडरसन यांनी १८९८ मध्ये त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले.

मूत्रपिंडाची हानी ओळखण्यासाठी लघवीतील अल्ब्युमीन मोजण्याचा प्रघात आहे; क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ते ३० मिलिग्रॅमच्या वर गेले की वाढले असे धरतात. मात्र हानीची सुरुवात त्याआधीच झालेली असते. अल्ब्युमीन वाढलेले नसलेल्या मुलांच्या बायॉप्सीतही गाळणीवरच्या पोडोसाइट पेशी जीबी-३ने भरलेल्या व त्यांची पावले काही ठिकाणी चपटी झालेली आढळली आहेत. या पेशी सहसा विभागत नाहीत, त्यामुळे गळून गेलेल्यांची जागा फारशी भरून निघत नाही. उरलेल्या पेशी फुगून, पसरून उघडी जागा झाकतात. शिवाय २००१ पासून युरोपात मिळू लागलेल्या एन्झाइम-उपचाराने केशिकांतील साठा लवकर उतरतो, पोडोसाइटमधला मात्र रेंगाळतो. म्हणून लघवीत उतरलेल्या पोडोसाइट ही अधिक जवळची साक्ष ठरते. निरोगी माणसाच्या लघवीतही त्या थोड्या सापडतात आणि मोजणीची रीत प्रयोगशाळेगणिक बदलते, हा आक्षेप रास्तच आहे. त्यामुळे एका आकड्यावर निदान करता येत नाही. पण एकाच रुग्णाच्या, एकाच रीतीने केलेल्या मोजण्यांतला कल त्याने निरर्थक ठरत नाही. अल्ब्युमीन स्वस्त आहे, पुढच्या ऱ्हासाचा अंदाजही देते; ते मोजावेच. फक्त ते प्रमाणात आहे म्हणून मूत्रपिंड निर्धोक समजू नये, आणि रक्तदाबाच्या एसीई-रोधक गोळ्यांनी ते उतरले तर साठाही उतरला असे मानू नये.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली लघवीच्या गाळात तुतीच्या फळासारख्या दिसणाऱ्या पेशी आढळतात. त्यांच्यात भोवऱ्यासारखी वलये असतात. ध्रुवित प्रकाशात माल्टी क्रूस चमकतो, परंतु तो नेफ्रॉटिक (लघवीतून भरपूर प्रथिन जाणाऱ्या) रुग्णांच्या लघवीतील चरबीच्या थेंबांतही दिसतो. तेव्हा क्रुसापेक्षा वलयांकडे लक्ष द्यावे. अनुभवी नजर असेल तर ही तपासणी अल्पखर्चिक आहे, तरी ती मागे पडते. या पेशी मूळच्या कुठल्या, यावर एकमत नाही.

लघवीतील जीबी-३ साठा दाखवते, इजा नव्हे. स्त्रियांत व उशिरा प्रकटणाऱ्या प्रकारांत ते प्रमाणातही असू शकते.

मूत्रपिंडातील नलिकांच्या हानीची सूचके : बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, एनएजी. या रोगापुरती विशिष्ट नाहीत.