वाहून गेलेली गोळी

इंग्लंडमधल्या अप्टन-अपॉन-सेव्हर्न या लहानशा गावात १८३४ साली दहा वर्षांच्या एका मुलाने पाव भाजायच्या काट्याच्या पोकळ दांड्याची बंदूक बनवली. मागचं तोंड बंद करायला लाकडाची खुंटी ठोकली. बार उलटा उडाला आणि सुमारे तीन इंचांची ती खुंटी उजव्या बाजूने त्याच्या छातीत शिरली. पोर ३७ दिवस जगलं. डॉक्टर थॉमस डेव्हिस यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा खुंटी हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सापडली. हृदयाला मात्र बाहेरून कुठेही जखम नव्हती. मग ती आत गेली कशी? खुंटी फुप्फुसातून महाशिरेत घुसली असावी आणि पुढे रक्तानेच तिला हृदयात नेलं असावं, असा तर्क डेव्हिस यांनी बांधला. शिरेतली गुठळी वाहत जाऊन फुप्फुसात अडकते हे बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी दाखवलं, ते त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. म्हणूनच त्या गावच्या डॉक्टरांच्या तर्काचं मला फार मोल वाटतं.

गोळी किंवा छर्रा असा वाहून जायचा तर तो रक्तवाहिनीत मावेल एवढा लहान हवा आणि एक भिंत फोडून आत आल्यावर दुसरी फोडण्याचा जोर त्यात उरलेला नसावा. हे क्वचितच जुळतं. व्हिएतनाम युद्धातल्या रक्तवाहिन्यांच्या जखमांच्या सुमारे ७५०० नोंदींत नॉर्मन रिच आणि सहकाऱ्यांना अशा २२च घटना आढळल्या. महारोहिणीत शिरलेली गोळी बहुधा पायाकडे जाते. जखम छातीला असते आणि गार पडतो पाय. शिरेतली गोळी हृदयाकडे, तिथून फुप्फुसाकडे जाते. कधी कधी मात्र ती स्वतःच्या वजनाने प्रवाहाच्या उलटही घसरते.

१८९५ साली राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाच्या शरीरात गोळीचा माग काढता येऊ लागला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्याच लष्करी इस्पितळात अमेरिकन सर्जन ड्वाइट हार्केन यांनी सैनिकांच्या हृदयातून, मोठ्या रक्तवाहिन्यांतून आणि त्यांच्या आसपासून १३४ गोळ्या व तुकडे काढले. त्यांतले १३ थेट हृदयाच्या कप्प्यांतले होते. एकही सैनिक दगावला नाही.

आज गोळी आत शिरल्याची जखम दिसते, बाहेर पडल्याची दिसत नाही आणि जवळच्या एक्स-रेतही गोळी नसते, तेव्हा सर्जन मानेपासून पायांपर्यंत शोध घेतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला घेतल्यावरही चिरा देण्याआधी पुन्हा एक एक्स-रे काढतात, कारण तेवढ्या वेळात गोळी आणखी पुढे सरकलेली असू शकते.