शिरूर ते दौंड: अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं की तासांत?

शिरूर आणि दौंड यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ मारली तर सुमारे ४५ किलोमीटर भरतात. दोन विमानतळांमधलं अंतर असंच काढतात, आणि विमानाला ते चालतं. इतिहासाच्या प्रबंधात मात्र हाच आकडा टाकून 'गावं जवळ, म्हणून संपर्क सतत' असं लिहून टाकलं, तर तुमचा अख्खा युक्तिवाद एका रेघेवर उभा राहतो.

आधी नद्या बघा. शिरूर घोडनदीच्या काठी, दौंड भीमेच्या दक्षिण काठी. कोणतीही वाट धरा, भीमा आडवी येणारच. पूल नव्हते तेव्हा चैत्रातलं अंतर आणि श्रावणातलं अंतर एक नव्हतं. म्हणून कागदावर कोस वाचण्याआधी महिना वाचा. (कोसही सगळीकडे सारखा नव्हता, ते वेगळं दुखणं.)

मग वेग. ३१ डिसेंबर १८१७ ला रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी शिरूरच्या छावणीतून निघाली आणि सकाळी दहाच्या सुमारास कोरेगावजवळ पोचली. सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. सोबत दोन तोफा. तासाला तीन किलोमीटरही पडत नाहीत! या लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्या रात्रीचा हा वेग आपल्यासाठी सोन्यासारखा पुरावा आहे, कारण त्यात निघण्याची आणि पोचण्याची, दोन्ही वेळा आहेत. असे पुरावे क्वचित मिळतात.

रेल्वेनं हे गणितच उलटं केलं. १८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून दिकसाळपर्यंत गाडी सुरू झाली, १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला. नगरहून पुण्याला शिरूरवरून सडकेनं सुमारे १२० किलोमीटर, दौंडवरून रेल्वेनं जवळपास १६०. तरी बैलगाडीपेक्षा लांबचा रेल्वेचा रस्ताच 'जवळचा' ठरला. शिरूरला रेल्वे आलीच नाही. माझ्या मते शिरूर-दौंडची तुलना इथूनच सुरू करायला हवी, सरळ रेघेपासून नाही. १८८५ च्या पुणे गॅझेटियरचा १८ वा खंड काढा. शोधताना 'सिरूर', 'घोडनदी', 'धोंड' ही रूपंही घाला, नाहीतर निम्मे कागद हाती लागणारच नाहीत.

आणि घड्याळ? मुंबई–दुबई तिकिटावरच्या दोन वेळा वजा करून प्रवासाचे तास निघत नाहीत, कारण त्या दोन देशांच्या वेळा असतात. १९०६ पूर्वी आपल्याकडे हीच गंमत होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, मुंबई शहर स्वतःच्या, सुमारे अर्धा तास मागे. दौंडच्या सूर्यानुसार काढलेली वेळ मद्रासपेक्षा साधारण २३ मिनिटं मागे पडते. तेव्हा एखाद्या पत्रात 'मुंबईहून सातला निघालो, दौंडला अमुक वाजता उतरलो' असं दिसलं, तर पेन्सिल उचलण्याआधी विचारा: निघतानाचे सात घरच्या घड्याळातले की स्टेशनावरच्या?