एक बेट, दोन चलनं, एक भाव

लाउथ आणि टँड्रगी ही नावं आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली नसतील. लाउथ आयर्लंड प्रजासत्ताकात, टँड्रगी उत्तर आयर्लंडमध्ये. दोघांना जोडणारी उच्चदाबाची वीजवाहिनी १९७५ साली बॉम्बस्फोटांत निकामी झाली, ती जवळपास वीस वर्षं तशीच पडून होती. शस्त्रसंधीनंतर, १९९५ साली, तिच्यातून पुन्हा वीज वाहू लागली.

आणि पुढच्या बारा वर्षांत, १ नोव्हेंबर २००७ रोजी, या बेटावर दोन्ही बाजूंची मिळून एकच घाऊक वीज बाजारपेठ सुरू झाली. चलनं दोन, कायदे दोन, नियामक दोन. विजेचा घाऊक भाव मात्र एक. मी सॉफ्टवेअरवाला. दोन कंपन्यांच्या सिस्टिम एकमेकींना जोडताना किती दमछाक होते, ते रोज बघतो. म्हणून मला प्रश्न पडला, हे यांनी जमवलं कसं?

अडचण फक्त राजकारणाची नव्हती. दक्षिणेत १९२७ पासून ‘ईएसबी’ या सरकारी कंपनीचं राज्य होतं. उत्तरेतली वीजकेंद्रं १९९०च्या दशकात खासगी झाली होती. एकत्र बाजारात हत्ती आणि शेळ्या एकाच गोठ्यात येणार होत्या.

बाजाराचं गणित असं होतं. मोठ्या केंद्रांनी आपली सगळी वीज एकाच सामाईक बाजारात विकायची. दर अर्ध्या तासाला स्वस्त केंद्रं आधी घ्यायची, मग महाग. गरज भागवणाऱ्या शेवटच्या केंद्राचा भाव सगळ्यांना मिळणार. समजा, तुमची दहा केंद्रं आहेत. त्यातल्या एकाचा भाव मुद्दाम चढा लावलात आणि तोच शेवटचा ठरला, तर उरलेल्या नऊ केंद्रांचीही चांदी!

ही भीती हवेतली नव्हती. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या खुल्या वीजबाजारात असले खेळ झाले आणि लोक अंधारात बसले. खेळणाऱ्यांत एन्रॉन होती. हो, आपल्या दाभोळचीच.

आयर्लंडनं तीन कुलपं लावली. पहिलं, बोली खर्चाइतकीच लावायची: इंधन, कार्बन आणि केंद्र चालवण्याचा वाढीव खर्च, बस. उभारणीच्या खर्चासाठी क्षमतेचे पैसे वेगळे मिळणार. दुसरं, बड्या उत्पादकाला काही विजेचे करार नियामकानं ठरवलेल्या सूत्रानुसार आधीच विकायला लावायचे, म्हणजे भाव चढवण्यातला त्याचा फायदाच कमी होतो. तिसरं, बोली उघड करायच्या. काल कोणी काय भाव लावला, ते आज कोणीही वाचावं. शिवाय बोलींवर नजर ठेवणारं स्वतंत्र पथक होतं, आणि निर्णय घेणाऱ्या समितीत दोन्हीकडच्या नियामकांसोबत एक त्रयस्थ सदस्यही होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे. सगळे खर्चाइतकीच बोली लावणार असतील तर स्पर्धा उरली कुठे? शिवाय बोली उघड केल्या, तर प्रतिस्पर्धी एकमेकांचं बघून संगनमत करू शकतात. मोठ्या बाजारात मीही हाच आक्षेप घेतला असता. पण मूठभर उत्पादकांच्या बेटावर, बोली आधीच खर्चाला बांधलेली असताना, उघडेपणाचा धोका कमी आणि उपयोग जास्त. स्पर्धा संपली नाही, तिची जागा बदलली: भाव फुगवण्यात नव्हे, खर्च कमी करण्यात.

१ ऑक्टोबर २०१८ पासून युरोपच्या बाजाराशी जुळवून घेण्यासाठी ही रचना बदलली. पाठोपाठ ब्रेक्झिट आलं. तिथेही करारात खास तरतूद करून हा सामाईक बाजार टिकवला गेला.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. या लोकांनी आधी एकमेकांवर विश्वास बसण्याची वाट पाहिली नाही. विश्वास नाही हे गृहीत धरून नियम लिहिले, आकडे सगळ्यांसमोर मांडले. तारांचं काम मात्र मागे राहिलं. उत्तर-दक्षिण जोडणारी दुसरी मोठी वाहिनी परवानग्या आणि स्थानिक विरोधात वर्षानुवर्षं अडकून राहिली.