पाच फूट दोन इंच

माझ्याकडे कंटिन्युइटीची एक वही अजून आहे. लांबट, कडक पुठ्ठ्याची, कोपरे पाण्याने फुगलेले. २६ जुलै २००५, मंगळवारच्या पानावर पहिली नोंद अशी आहे: 'सीन ४१, डे, दिवाणखाना. पोपटी साडी, पिन डाव्या खांद्यावर, उजव्या हातात चार बांगड्या, केस अर्धे ओले.' खाली दुसऱ्या पेनने: '२.४०, पॅकअप. पाऊस.' आणि त्याच्याही खाली, दोन दिवसांनी लिहिलेलं: 'कलिना, वन्सं, पाच फूट दोन इंच.'

बावीस वर्षं मी हेच काम केलं. सिनेमा आणि मालिका सलग चित्रित होत नाहीत. नायिका दारातून आत येते तो शॉट सोमवारी, आणि ती दाराबाहेर उभी असते तो पुढच्या महिन्यात. मधल्या काळात तिचा पदर कुठे होता, घड्याळात किती वाजले होते, पेला भरलेला होता की अर्धा, हे ज्याच्या वहीत असेल त्याच्या शब्दावर सेट चालतो. आधी फक्त वही आणि नजर. मग पोलरॉइड आले. ड्रेसदादा माझ्याकडे यायचे, "बाई, फोटो दाखवा," म्हणायचे आणि तो बघून पदराची चूण बसवायचे. २००८ मध्ये पोलरॉइड कंपनीने त्या फिल्म बनवायच्या थांबवल्या. तोवर आमच्या हातात डिजिटल कॅमेरे आले होते, पण मी वही सोडली नाही.

सगळ्यात कठीण कंटिन्युइटी पावसाची. टँकर, भोकं पाडलेले पाइप, वरून फवारा. कॅमेऱ्याला पाऊस सहज दिसत नाही, म्हणून मागून लाइट मारायचा. मगच धारा चमकतात. दिवाणखान्यात येणारी बाई बाहेर भिजलेली असेल तर तिचं ओलेपण दर टेकला तेवढंच राहायला हवं, आणि केस तर पंख्याखाली वाळत राहतात. मी तीन शब्द ठरवले होते: निथळती, ओली, अर्धी ओली. कपाळावरचे थेंब टिकावेत म्हणून पाण्यात ग्लिसरीन.

हा सगळा धंदा मुंबईच्या उपनगरात आला तो मोकळ्या जागेमुळे आणि शांततेमुळे. बोलपट सुरू झाल्यावर शहराचा गोंगाट नको होता. १९३४ साली हिमांशू राय यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग यांच्यासारखे जर्मन लोक तिथे कामाला होते. १९४३ मध्ये तिथून फुटून निघालेल्यांनी गोरेगावला फिल्मिस्तान काढली. मग अंधेरीला फिल्मालय, आणि १९७७ मध्ये गोरेगावच्या डोंगरात सरकारची चित्रनगरी. आरेच्या त्याच डोंगरांतून ओशिवरा नदी निघते आणि गोरेगाव ओलांडून मालाडच्या खाडीला मिळते. पूर्वेला विहार आणि पवई तलावांचं जादा पाणी मिठी नदीत उतरतं, साकीनाका, विमानतळ, कलिना, कुर्ला करत माहीमच्या खाडीत जातं. खोटा पाऊस पाडायला आम्ही जिथे जागा घेतली, तिथेच खऱ्या पावसाच्या वाटा होत्या. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

२६ जुलैला शहर बुडालं त्या दिवशी गोरेगावहून गुंदवलीला घरी जायला मला सात तास लागले. त्या रात्रीच्या गोष्टी सगळ्यांनी सांगितल्या आहेत; बिस्किटं वाटणारी मुलं, गाड्यांच्या टपावर बसलेली माणसं. माझ्या डोक्यात सवयीने वेगळंच नोंदलं जात होतं. आरेच्या बाजूने येणारं पाणी तांबडं होतं, मुरमाचं. जोगेश्वरीच्या अलीकडे ते काळं झालं आणि वर डिझेलचा निळा तवंग आला. तबेल्यातली एक म्हैस पाण्याबरोबर वाहत आली, शिंगं वर, डोळे उघडे. बुडालेल्या गाड्यांचे हॉर्न शॉर्ट होऊन आपोआप वाजत होते, एकसुरात, कितीतरी वेळ, आणि मग एकेक करून बंद पडले. पुराच्या कुठल्याच सिनेमात मी हा आवाज ऐकलेला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, आम्ही युनिटमधल्या चौघीजणी अंधेरीच्या थिएटरात रोलंड एमरिकचा 'द डे आफ्टर टुमारो' बघून आलो होतो. समुद्राचे प्रवाह थांबतात, न्यूयॉर्कमध्ये लाट शिरते, काही दिवसांत हिमयुग येतं, आणि दिल्लीत बर्फ पडतो. वरच्या थरातली अतिथंड हवा झपकन खाली येऊन माणसं उभ्या जागी गोठवते. प्रत्यक्षात खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते; प्रवाह मंदावले तरी हवामान बदलायला दशकं लागतात. एक गोष्ट मात्र खरी धरली होती: सुरुवातीला तुटणारं अंटार्क्टिकातलं लार्सन बी हिमपटल २००२ मध्ये खरोखरच काही आठवड्यांत फुटलं होतं. नंतर २०१७ च्या 'जिओस्टॉर्म'मध्ये मुंबईवर चक्रीवादळांचे भोवरे सोडले. ते बघताना मला राग आला. या शहराला कशाने मारलं हे जगाला माहीत असताना त्याच्यावर परकं संकट लादलं होतं.

पण या सिनेमांची खरी चूक शास्त्राची नाही, असं मला वाटतं. त्यांत आपत्ती सगळीकडे सारखी पडते. सगळं शहर एकाच वेळी आकाशाकडे बघतं. आमच्याकडे काय झालं? २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात ७३.४. मध्ये वीस-एक किलोमीटर अंतर आणि जवळपास तेरा पट फरक. विहार तलावापाशी तर हजाराच्या वर. असा सीन माझ्याकडे आला असता तर मी लाल पेनने खूण केली असती: एकाच शहरात, एकाच दुपारी, एक माणूस छत्री मिटून चालतोय आणि दुसऱ्याच्या गळ्याशी पाणी. मंत्रालयाच्या खिडकीतून दिसणारा पाऊस साधा, रोजचा होता. साकीनाक्याला डोंगराचा कडा झोपड्यांवर आला आणि सत्तरहून अधिक माणसं गेली, तेव्हाही दक्षिणेकडे दिवे लागलेले होते.

आणि भरती. सिनेमावाले भरती विसरतात. त्या दुपारी साधारण साडेचार मीटरची भरती होती. तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी धरून बांधलेल्या गटारांतून पाणी समुद्रात जाणार कसं? शहराच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता दुप्पट करा असं १९९३ मध्येच सांगितलं होतं. हे सगळं कागदावर लिहिलेलं होतं. वही होती, ती कोणी उघडून पाहिली नाही. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण माझं आयुष्य वही उघडण्यात गेलं.

चुका आमच्या बाजूनेही झाल्या. देशातला सगळ्यात मोठा पाऊस आमचाच, असं लोक अजून सांगतात. तसं नाही, चेरापुंजीला १६ जून १९९५ च्या नोंदीत चोवीस तासांत दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आहे. दुसरी चूक जीवघेणी ठरली. २८ तारखेच्या रात्री जुहूच्या नेहरूनगर वस्तीत अफवा उठली की धरण फुटलं, त्सुनामी आली. आदल्या डिसेंबरमधल्या त्सुनामीची टीव्हीवरची चित्रं सगळ्यांच्या डोळ्यांत ताजी होती. अंधारात लोक पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत किमान पंधरा जण मेले. त्या रात्री तिथे लाट नव्हती.

१३ नोव्हेंबर २००९ ला कुणाल देशमुखचा 'तुम मिले' आला. योगायोगाने एमरिकचा '२०१२'ही त्याच दिवशी प्रदर्शित झाला. 'तुम मिले'मध्ये जुनी प्रेमकथा पुढे आहे आणि २६ जुलै तिच्या मागे. मी वही न घेता गेले, तरी पडद्यावरच्या पाण्याची पातळी डोळ्यांनी मोजत राहिले. पुराच्या सिनेमात ती टाकीवर ठरते: एका शॉटला छातीला, पुढच्याला कमरेला. त्या लोकांची मेहनत मला ठाऊक आहे. थंड पाण्यात बारा-बारा तास उभं राहणं काय असतं ते मी पाहिलंय. पण टाकीतल्या पाण्याला वास नसतो.

आमचा सीन ४१ आठ दिवसांनी पुरा झाला. तळमजल्याच्या खोलीतले कपडे भिजले होते, पोलरॉइडचे थर सुटून चेहरे वाहून गेले होते. वहीवरून मी पोपटी साडी नवी आणवली, पिन डाव्या खांद्याला, चार बांगड्या. केस अर्धे ओले करायला पाण्याची बाटली उचलली, तर सीनमधल्या मुलीने माझा हात धरला. "ताई, पाणी नको." दोन रात्री ती कुर्ल्याच्या एका गच्चीवर होती. मी दिग्दर्शकांना सांगितलं, केस कोरडे राहतील. माझ्या नावावरची ती एकच कंटिन्युइटीची चूक मी जाणूनबुजून केली.

पुराच्या त्या आठवड्यात कलिन्याला, वन्संच्या चाळीतल्या घरी, मी शुक्रवारीही गेले. आदल्या दिवशी टेप लावून मोजलेली पाण्याची रेघ भिंतीवर तपकिरी उमटली होती, चारही भिंतींवर सरळ, लेव्हल लावल्यासारखी. दिवाळीआधी वन्संनी फोन केला. "वहिनी, रंगारी आलाय. रेघ ठेवू की पुसू?" मी ठेवायला सांगितलं. रंगाऱ्याने पुट्टी मारली.

वेरावलीच्या टेकडीवर २०२२ मध्ये हवामानखात्याचं रडार बसलं, आमच्या घरापासून जवळच. आता उपनगराचा पाऊस उपनगरातून दिसतो. वन्संची चाळ मात्र गेली, तिथे मोठी इमारत आहे, तळमजल्याला पार्किंग. गेल्या जूनमध्ये मी टेप घेऊन गेले. रस्ता भर घालून घालून चांगला वर आलाय, उंबरठा राहिलेला नाही, त्यामुळे मोजायचं कुठून हेच ठरेना. जुन्या कंपाउंडचा एक दगडी खांब कोपऱ्यात उभा होता. वॉचमनने खुर्ची दिली. खांबाच्या पायथ्याची माती हाताने उकरून जुनी फरशी लागली, तिथून टेप धरला, पेन्सिलीने खूण केली आणि वहीत तारीख घातली.