जुन्या पिकअपला कोणता बूस्टर?

शेव्हरलेने १९४७ साली ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतले पिकअप बाजारात आणले, तेव्हा त्यांचे ब्रेक पेडल पायाखालच्या पत्र्यातून वर आलेले असे. पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणारा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नव्हताच. तो ड्रायव्हरच्या पायाखाली चासीला आवळलेला असे, आणि ब्रेक ऑइल किती आहे ते पाहायचे तर मॅट उचलून पत्र्यातले छोटे झाकण काढावे लागे. पायाच्या जोरात भर घालणारी बूस्टर नावाची वस्तू या गाडीत कुठेही नव्हती. आज अमेरिकेत हे पिकअप जपणारे आणि चालवणारे हजारो लोक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना एका टप्प्यावर हाच प्रश्न पडतो: हिला बूस्टर कोणता बसवायचा? दुकानात सात इंची, आठ इंची, नऊ इंची, अकरा इंची, एका पडद्याचे, दोन पडद्यांचे असे कितीतरी डबे मिळतात, आणि गाडीचे साल सांगितले की दुकानदार त्यातला एक काढून देतो. माझे म्हणणे असे की सालावरून बूस्टर ठरवणे मुळातच चुकीचे आहे. बूस्टरचा इतिहास नीट पाहिला तर दिसते, की तो गाडीसाठी जन्मला नाही, ब्रेकसाठी जन्मला. म्हणून चाकात ब्रेक कोणता आहे, हे आधी ठरल्याशिवाय बूस्टरच्या प्रश्नाला उत्तरच नाही.

मोटारी जड आणि वेगवान झाल्या, पण माणसाच्या पायातला जोर तेवढाच राहिला, ही अडचण १९२० च्या दशकात ठळक झाली. माल्कम लॉकहीडने तेलाच्या दाबाने चारही चाकांना सारखा ब्रेक लावायची युक्ती १९१७ मध्येच पेटंट केली होती आणि १९२४ च्या क्रायस्लरमध्ये ती सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचली. पण तेल जोर वाटून देते, नवा जोर निर्माण करत नाही. तो कुठून आणायचा याचे उत्तर बेल्जियन अभियंता आल्बेर देवांद्र याने इंजिनातच शोधले. पेट्रोल इंजिन हवा ओढून घेते. थ्रॉटल बंद असताना त्याच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. एका बंद डब्यात मध्ये पडदा घातला, एका बाजूला हा निर्वात जोडला आणि पेडल दाबताच दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत सोडली, तर वातावरणाचा दाबच पडदा ढकलतो. देवांद्रची ही योजना जर्मनीत बॉशने उचलली. त्याच सुमारास अमेरिकेत शर्यतपटू केलेब ब्रॅग आणि व्हिक्टर क्लिसराथ यांचा निर्वात बूस्टर १९२८ च्या पिअर्स-अ‍ॅरो या आलिशान गाडीवर आला. पुढे त्यांचा धंदा बेंडिक्सकडे गेला. सुरुवातीचे हे सगळे काम जड गाड्यांसाठी झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसऱ्या महायुद्धात याच धाग्याला मोठे बळ मिळाले. अमेरिकन सैन्याच्या जीएमसी अडीच टनी ट्रकवर बेंडिक्सचा ‘हायड्रोव्हॅक’ बसवलेला असे, आणि असे पाच लाखांहून अधिक ट्रक बनले. हायड्रोव्हॅकची रचना आजच्या बूस्टरपेक्षा वेगळी होती. तो पेडलच्या दांडीला जोडलेला नसे. पेडलने मास्टर सिलिंडर दाबायचा, तिथले तेल नळीतून हायड्रोव्हॅकपर्यंत जायचे, त्या दाबाने झडप उघडायची आणि मग निर्वाताच्या जोरावर दुसरा पिस्टन चाकांकडचे तेल कितीतरी जास्त दाबाने ढकलायचा. त्यामुळे हा भाग चासीवर जिथे जागा असेल तिथे बसवता येई. युद्धातून परतलेल्या मेकॅनिकांना ही वस्तू माहीत झाली होती. तरीही युद्धानंतरच्या हलक्या पिकअपवर ती आली नाही.

का आली नाही? सरळ उत्तर ‘पैसे वाचवायला’ असे दिले जाते. पिकअप हे शेतकऱ्याचे आणि छोट्या दुकानदाराचे वाहन, किंमत कमी ठेवायची, म्हणून कंपन्यांनी हात आखडता घेतला, असा हा तर्क. त्यात तथ्य नाही असे नाही. पण तो पुरा पडत नाही, कारण ड्रम ब्रेक स्वतःच एक प्रकारचा बूस्टर असतो. फिरणारा ड्रम आतून त्याला घासणाऱ्या दोन शूंपैकी पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू ड्रममध्ये आणखी घट्ट रुतत जातो. शेव्हरलेने हलक्या ट्रकवरचे जुने हक पद्धतीचे ब्रेक सोडून १९५१ मध्ये बेंडिक्स पद्धतीचे ब्रेक घेतले. त्यात पुढच्या शूचा जोर खालच्या अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूलाही मिळे. म्हणजे गाडीची गतीच तिला थांबवायला मदत करी. असा ब्रेक चाकात असताना, अर्धा टन माल वाहणाऱ्या गाडीला निर्वाताचा डबा न लावणे हा कंजूषपणा नव्हता, हिशेब होता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ड्रमला बूस्टरची गरज नव्हती, तर १९५० च्या दशकाच्या मध्यापासून शेव्हरले आणि फोर्डच्या हलक्या पिकअपवरही जादा पैसे भरून पॉवर ब्रेक का मिळू लागले? त्या वेळी ऑटोमॅटिक गिअर, पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक या सगळ्या गोष्टी एकत्रच बाजारात आल्या होत्या. पॅकार्डने १९५२ मध्ये मोटारीवर पॉवर ब्रेक दिले तेव्हा जाहिरातीचा भर पायाला होणाऱ्या आरामावर होता. पिकअपही आता शेताबाहेर पडून गावात, दारात उभा राहणारा झाला होता. ज्या गोष्टीसाठी वेगळे पैसे मागता येतात आणि जिच्यावाचून गाडी नीट थांबते, ती सोय असते. ड्रमच्या पिकअपवरचा बूस्टर तेव्हाही सोय होता आणि आजही तो सोयच आहे.

हे चित्र डिस्क ब्रेकने बदलले. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. फिरणारी चकती पॅडला आत ओढत नाही, त्यामुळे गतीची ती फुकट मदत बंद होते. मिळते ते उष्णता झटकन बाहेर टाकण्याचे आणि सरळ रेषेत थांबण्याचे बळ. १९५३ साली डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वारने ले मान्सची शर्यत जिंकली, तेव्हा हा फायदा जगाने पाहिला. १९७१ मध्ये शेव्हरलेच्या हलक्या पिकअपच्या पुढच्या चाकांना डिस्क आल्या. ड्रमने जो जोर स्वतः पुरवला होता तो आता दुसरीकडून आणावा लागणार होता, आणि बूस्टर सोयीच्या यादीतून उठून गरजेच्या यादीत गेला. इथेही कोणी म्हणेल की १९६५ च्या शेव्हरले कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क होत्या आणि बूस्टर तरीही ऐच्छिक होता. खरे आहे. पण त्या गाडीच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यांमध्ये, प्रत्येकी चार पिस्टन होते, ती मालवाहू नव्हती, आणि तिच्या गिऱ्हाइकाला जड पेडल चालत असे. चुन्याच्या गोण्या भरलेल्या पिकअपसाठी ते उदाहरण लागू पडत नाही.

आता थोडे आकडे, कारण या वादात आकडेच निर्णायक आहेत. समजा, ड्रायव्हर पेडलवर ३५ किलोचा जोर देतो आणि पेडलची तरफ तो सहापट करते. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर २१० किलो. पिस्टनचा व्यास एक इंच असेल तर तेलात दर चौरस इंचाला साधारण ५९० पौंड दाब तयार होतो. जुन्या ड्रमला हा पुष्कळ झाला. डिस्कला मात्र कचकन थांबायचे तर ९०० ते १००० च्या आसपास दाब लागतो. आता आठ इंची बूस्टर घ्या. त्याच्या पडद्याचे क्षेत्रफळ ५० चौरस इंच. निरोगी इंजिनाचा १८ इंच पाऱ्याइतका निर्वात मिळाला तर तो सुमारे २०० किलो जोर घालतो. अकरा इंची डबा त्याच निर्वातावर ३८० च्या घरात जातो. सात इंची, पण दोन पडद्यांचा डबा ३०० च्या जवळ पोचतो, म्हणून जागा कमी असेल तिथे तोच वापरतात. पण हा हिशेब एवढ्यावर थांबत नाही. बूस्टरबरोबर दुकानदार १ १/८ इंची मास्टर सिलिंडर देतो, कारण मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागते. पिस्टन मोठा झाला की तेवढ्याच जोराला दाब एक-पंचमांशाने घटतो. शिवाय बूस्टरसाठीच्या पेडलची तरफ सहाऐवजी चारपट ठेवण्याची रीत आहे, कारण सहापट तरफेवर बूस्टर चढवला तर पेडल खूप खोल जाते आणि हलका स्पर्शही जास्त होतो. जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या अनेक मोटारींच्या पेडलच्या दांडीला दोन भोके असत: वरचे बिनबूस्टरच्या गाडीसाठी, खालचे बूस्टरच्या. एकाच दांडीत कारखान्याने दोन्ही हिशेब करून ठेवले होते. पुशरॉडचेही, म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांडीचेही, तसेच. बिनबूस्टरच्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनला खोल खळगा असतो, त्यात दांडी सुटत नाही. बूस्टरसोबतच्या सिलिंडरमध्ये तो उथळ असतो. दोघांची सरमिसळ केली तर दांडी निसटू शकते. आणि पुशरॉड केसभर लांब राहिला तर ब्रेक पूर्ण सुटतच नाही, ड्रम तापत जातात आणि काही मैलांतच चाके धरू लागतात.

यापुढचा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: आजच्या रहदारीत जास्तीचा जोर असलेला बरा, मोठा बूस्टर म्हणजे जास्त सुरक्षित. हे मला मान्य नाही. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीने, आणि ती पकड बूस्टर वाढवत नाही. चाक लॉक करायला लागणारा पायाचा जोर तो कमी करतो, एवढेच. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजन फारच कमी असते. तिथे स्वतःच ओढून घेणाऱ्या ड्रमवर अकरा इंची डबा चढवला, तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी आडवी होते. सुरक्षिततेचा खरा मुद्दा वेगळाच आहे. १९६७ पूर्वीच्या या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जाई. अमेरिकेत १९६८ पासून मोटारींना दुहेरी व्यवस्था सक्तीची झाली, आणि शेव्हरलेच्या पिकअपवर दुहेरी मास्टर सिलिंडर १९६७ मध्येच आला. जुन्या पिकअपवर खर्च करायचाच तर पहिला पैसा इथे खर्च व्हावा. दुहेरी सिलिंडर नसताना बूस्टर बसवणे म्हणजे तीच एक नळी आणखी जास्त दाबाखाली ठेवणे.

निर्वाताची बाजूही तपासून घ्यायला हवी. मूळचे सहा सिलिंडरचे शेव्हरले इंजिन चांगल्या स्थितीत असेल तर हवा तेवढा निर्वात देते. पण शौकिनांनी त्यात तेज कॅमशाफ्ट घातलेला असेल तर उभ्या गाडीत चालू इंजिनाचा निर्वात दहा इंचांपर्यंत उतरतो आणि आठ इंची बूस्टरचा २०० किलोचा जोर ११० वर येतो. डेन्व्हरसारख्या समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीच्या शहरात बाहेरची हवाच पातळ असल्याने सुमारे पाच इंच आपोआप कमी होतात. एक जुनी भीती मात्र इथे लागू होत नाही. त्या काळच्या अनेक अमेरिकन गाड्यांचे वायपरही निर्वातावर चालत आणि चढावर गाडी दामटली की ते मंदावत. म्हणून बूस्टरही ऐन वेळी दगा देईल असे काहींना वाटते. पण ब्रेक दाबताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचललेला असतो, थ्रॉटल बंद असते, आणि नेमका तेव्हाच निर्वात जास्त असतो. शिवाय हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चेक व्हॉल्व्हमुळे डब्यात एक-दोन ब्रेकपुरता साठा राहतो.

उरला जागेचा प्रश्न. फोर्डने १९५७ मध्ये आणि शेव्हरलेने १९६० मध्ये ट्रकची पेडले वरून लटकती केली, तेव्हा मास्टर सिलिंडर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, इंजिनाच्या बाजूला आला आणि बूस्टरला मोकळी जागा मिळाली. त्याआधीच्या गाड्यांत एक तर चासीवर कंस लावून सात इंची डबा पत्र्याखाली दडपावा लागतो, किंवा फायरवॉल कापून नवे पेडल बसवावे लागते. गाडी मूळ रूपात जपावी असे मानणारे या दुसऱ्या मार्गावर रागावतात, आणि त्यांचा राग मला पटतो. कापलेला पत्रा परत येत नाही. पण त्यासाठी बूस्टरच नको म्हणायची गरज नाही. हायड्रोव्हॅकच्या रचनेचे, पेडलपासून वेगळे बसणारे बूस्टर आजही बनतात. ते चासीवर कुठेही बसतात, पेडल आणि पत्र्यातले ते छोटे झाकण जागेवर राहते, आणि उद्या कोणाला मूळ गाडी हवी असेल तर काढूनही टाकता येतात. त्यांचे वॉशर झिजले तर ब्रेक ऑइल निर्वाताच्या नळीतून इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, एवढी खूण ओळखता यायला हवी. दुहेरी मास्टर सिलिंडरबरोबर असा एक बूस्टर एकाच नळीला जोडता येतो, पुढच्या किंवा मागच्या. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या पिकअपवर तो पुढच्या नळीला द्यावा. ब्रेक मारताना वजन पुढच्या चाकांवर झुकते, आणि गतीची मदत गमावलेला ब्रेकही तिथेच असतो.