तंबू कुठे ठोकायचा?

मंडळी, यंदा डिसेंबरात सगळ्या चुलत-मावस भावंडांनी मिळून एखाद्या तळ्याकाठी, जरा झाडी असेल अशा ठिकाणी, तंबूत दोन रात्री काढायच्या असं ठरलंय. तंबू, शेगडी, बॅटऱ्या, स्वेटर यांची यादी धाकट्यांनी घेतली आणि जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. हडपसरहून एका दिवसात पोचता येईल अशी नावं लिहून काढली : पवना, वळवण, शिरोता, ठोकरवाडी, मुळशी, भंडारदरा, तापोळा-बामणोली. नकाशावर बघताना प्रत्येक ठिकाण निळं-हिरवं, एकापेक्षा एक सुंदर.

मग लक्षात आलं, की यादीतलं एकही तळं देवाने दिलेलं नाही. सगळी धरणं! भंडारदऱ्याचं विल्सन धरण इंग्रजांनी १९२६ साली पुरं केलं. वळवण, शिरोता, ठोकरवाडी, मुळशी ही टाटांची, मुंबईला वीज देण्यासाठी बांधलेली. पवना आणि कोयना स्वातंत्र्यानंतरची. सह्याद्रीच्या ज्या सपाट खोऱ्यात पाणी साठवता येतं, तिथेच माणूस भातही लावतो आणि गावही वसवतो. म्हणजे आपण ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणतो, त्याच्या तळाशी बहुतेक वेळा कुणाची तरी खाचरं असतात.

यात आपण हडपसरचे लोक नेमके कुठे बसतो? धरणाच्या खालच्या बाजूला. १८७९ च्या सुमारास फाइफसाहेबाचं खडकवासला धरण झालं आणि मुठा उजवा कालवा पुण्यातून हडपसरवरून पुढे पूर्वेकडे गेला. इकडचा ऊस, इकडचा भाजीपाला, जुन्या हडपसरकरांच्या बोलण्यात येणारी ती बागायत, हे सगळं त्या कालव्याच्या पाण्यावरचं. धरण म्हटलं की आपल्याला पाणी आठवतं. धरणाच्या वरच्या बाजूच्या माणसाला बुडालेली जमीन आठवते. धरण तेच, आठवणी दोन.

यादीतल्या मुळशीपाशी मी अडकलो, कारण तिथल्या वरच्या बाजूच्या माणसांनी गुपचूप गाठोडं उचललं नव्हतं.

मुळा आणि निळा या नद्यांचं ते खोरं, आंबेमोहोर तांदळाचं. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी तिथे धरण बांधायचं ठरवलं. पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचं, सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना, रेल्वेला पुरवायची. कल्पना हुशारीचीच होती, त्यात शंका नाही. पण पन्नासच्या वर गावं त्यात जाणार होती आणि जमीन रीतसर ताब्यात यायच्या आधीच शेतांतून खणायला सुरुवात झाली होती.

१६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बायका, पोरं, म्हातारे सगळे. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. न. चिं. केळकरांसारखे पुण्यातले पुढारी सोबत होते आणि गांधीजींनी 'यंग इंडिया'तून पाठिंबा दिला. कंपनीने काम थांबवलं, पण काही महिन्यांपुरतंच. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरून एका खाजगी कंपनीसाठी जमिनी घेतल्या आणि काम परत सुरू झालं. लोक परत बसले. लाठ्या, खटले, तुरुंग. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथे. पुढे गांधीजींच्या अहिंसेची चौकट त्यांना अपुरी वाटू लागली. १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली आणि त्यापायी १९३१ पर्यंत तुरुंगात राहिले. आपण रोज 'एसबी रोड, एसबी रोड' करतो, ते हेच सेनापती!

लढा का हरला? सरकार आणि कंपनी बलाढ्य होती हे तर खरंच. पण आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या पुण्याला फारसं मानवणारं नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. कसणारा मावळा म्हणत होता, जमीन द्यायचीच नाही. सावकाराचा हिशेब, भाव बरा मिळाला तर काय हरकत आहे? एकाला जमीन म्हणजे जगणं, दुसऱ्याला जमीन म्हणजे रक्कम. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावरच्या पुस्तकात ही फूट नीट उलगडून दाखवली आहे. जगातली पहिली धरणविरोधी चळवळ असं त्यांनी या लढ्याला म्हटलंय. धरण १९२७ साली पुरं झालं. नर्मदेचं आंदोलन व्हायला अजून साठेक वर्षं होती.

हे वाचताना मला आपलं मगरपट्टा आठवलं. नव्वदच्या दशकात पुणे शहर हडपसरच्या उसाच्या रानांपर्यंत आलं, तेव्हा आपल्या जमिनीही जाणारच होत्या. बिल्डरला तुकड्यातुकड्याने, नाहीतर सरकारला. पण सतीश मगर आणि भाऊबंद एकत्र आले. सुमारे सव्वाशे कुटुंबांनी चारशेच्या वर एकर एकत्र केले, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात त्यात भागीदार झाले. जमीन गेली, पण वाटा राहिला.

आता कुणी म्हणेल, मगरपट्ट्याची मुळशीशी काय तुलना? काळ वेगळा, कायदा वेगळा, शहराला खेटून असलेल्या जमिनीचा भाव वेगळा. कबूल. सातबारा स्वतःच्या नावावर असणं हा तर सगळ्यात मोठा फरक. त्यातही गंमत बघा, की धरणाच्या पाण्यावर तीन-चार पिढ्या बागायत केलेल्यांकडे वाटाघाटीला बसण्याची ऐपत होती आणि ज्यांच्या खोऱ्यात धरण झालं त्यांच्याकडे ती नव्हती. 'आम्हाला पैसे नकोत' असं मावळे म्हणत होते, तेव्हा 'मग विजेत वाटा घ्या' असं त्यांना कुणीही म्हटलं नाही. शंभर वर्षांपूर्वी ते कुणाला सुचणंही अवघड होतं. हडपसरला ते सुचलं, याचा मला अभिमान आहे. पण आपण जात्याच शहाणे होतो म्हणून ते सुचलं, असं मात्र मी म्हणणार नाही.

असो. जागेचा निकाल : मुळशी. ताम्हिणीचं जंगल अभयारण्यात येतं, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि ठोकूही नये. म्हणून स्थानिक माणसाच्या खाजगी जागेत, त्याला योग्य ते पैसे देऊन राहायचं, जेवणही त्याच्याच घरचं. शेगडी यादीतून काढून टाका. मोठा स्पीकर आणायचा नाही. पोरांना जाताना पौड रस्त्यावर गाडीतच ही गोष्ट सांगणार आहे, म्हणजे पाणी दिसेल तेव्हा त्यांना निदान ठाऊक असेल की पाण्याखाली काय आहे. आणि जेवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारायचं, 'तुमचं मूळ गाव कोणतं?' पुढचं ते सांगतील, आपण ऐकायचं.

कोण कोण येतंय ते रविवारपर्यंत कळवा. तंबू सध्या तीनच आहेत.