गुलाब आणि पावडर : एका मवाळ सुगंधाची ओळख

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात प्रवेश करते आणि अंथुर्णे, शेळगावच्या परिसरातून निमगाव केतकीकडे मार्गस्थ होते. वारकऱ्यांच्या कपाळी बुक्का असतो आणि पालखीवर गुलाबपाकळ्यांची उधळण होत असते. बुक्का म्हणजे चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा अशा सुगंधी द्रव्यांचे चूर्ण. त्याचा वास कोरडा आणि मवाळ असतो. पाकळीचा वास ओलसर व गोड. हे दोन्ही एकत्र आले की नाकाला जे जाणवते, त्याच जातकुळीतला एक सुगंध अत्तराच्या आणि परफ्यूमच्या दुकानांत 'पावडरी रोझ' म्हणून ओळखला जातो.

या सुगंधाविषयी ग्राहकांचा हमखास गैरसमज होतो. दुकानात हुंगताना तो फिका वाटतो, म्हणून एक तर तो नाकारला जातो किंवा विकत घेतल्यावर गरजेपेक्षा दुप्पट फवारला जातो. वस्तुतः या सुगंधाचे खरे रूप पहिल्या पाच मिनिटांत दिसतच नाही. ते दोन-तीन तासांनी, अंगाच्या उबेवर उमलते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी गुलाब आणि मग पावडर, अशा क्रमाने जायला हवे.

गुलाबाच्या वासात काय असते?

गुलाबाचा वास हा एका द्रव्याचा नसून शेकडो घटकांचा मेळ असतो. त्यातील फेनिल इथाइल अल्कोहोल हा घटक ताज्या पाकळीचा मधुर, सौम्य वास देतो. सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल यांच्यामुळे लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा टवटवीतपणा येतो. डॅमॅसिनोन आणि रोझ ऑक्साइड ही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात, परंतु गुलाबाला 'गुलाबपण' देण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.

सुगंधासाठी प्रामुख्याने दमास्क गुलाब आणि शतदल गुलाब या दोन जाती वापरल्या जातात. दमास्क गुलाब बल्गेरिया आणि तुर्कस्तानात तसेच आपल्याकडे उत्तर प्रदेशात पिकतो. शतदल गुलाबासाठी फ्रान्समधील ग्रास हे गाव प्रसिद्ध आहे. कनौजमध्ये आजही तांब्याच्या देगेत पाकळ्या आणि पाणी उकळून त्यांची वाफ भपक्यात उतरवली जाते. परंपरेने भपक्यात चंदनाचे तेल असते आणि ते गुलाबाचा गंध धरून ठेवते. येथे एक गंमत घडते. फेनिल इथाइल अल्कोहोल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, त्यामुळे त्याचा मोठा भाग गुलाबपाण्यात जातो आणि वाफेने काढलेल्या तेलात त्याचा अंशच उरतो. म्हणूनच गुलाबपाणी ताज्या फुलासारखे लागते, तर शुद्ध गुलाबतेल अधिक गडद, मधासारखे व किंचित मसालेदार वाटते.

पुणे जिल्ह्यात तळेगाव-मावळ परिसरातील हरितगृहांमधून मोठ्या प्रमाणावर गुलाब बाजारात येतो. पण त्याला वास जवळपास नसतोच. हे वाण लांब दांडा, घट्ट कळी आणि फुलदाणीतला टिकाऊपणा यांसाठी निवडले गेले. त्या निवडीत सुगंध मागे पडला. गुलाबात जिरॅनिऑल तयार होण्यासाठी आवश्यक असलेले एक विकर फ्रान्समधील संशोधकांनी 2015 मध्ये शोधून काढले. सुवासिक वाणांत ते भरपूर, तर गंधहीन वाणांत नगण्य असल्याचे त्यांना आढळले. सुगंधी गुलाब आणि पुष्पगुच्छातला गुलाब यांचे मार्ग असे वेगळे झाले आहेत.

पावडरचा वास येतो कोठून?

पावडरला स्वतःचा असा वास नसतो. टाल्कम हे एक खनिज आहे आणि तांदळाचे पीठही जवळजवळ निर्गंध असते. मग 'पावडरसारखा वास' म्हणजे नेमके काय? याचे उत्तर सवयीत आहे. युरोपमध्ये चेहऱ्याच्या आणि केसांच्या पावडरीत आयरिस नावाच्या झाडाचे कंद वाळवून, कुटून घातले जात. हे कंद दोन-तीन वर्षे सुकत ठेवल्यावरच त्यांना मृदू, कोरडा, जांभळ्या व्हायोलेट फुलांची आठवण देणारा गंध येतो. पुढे 1893 मध्ये टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी आयोनोन हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि व्हायोलेटचा महागडा गंध स्वस्त झाला. पावडर, स्नो, लिपस्टिक अशा सर्वच प्रसाधनांत गुलाबासोबत आयोनोन मिसळले जाऊ लागले. पिढ्यान्पिढ्या हा वास पावडरच्या डब्याशी जोडला गेला आणि अखेरीस तोच 'पावडरचा वास' ठरला.

आजच्या पावडरी गुलाबात आयोनोनच्या जोडीला हेलिओट्रोपिन व व्हॅनिलिन (बदाम-व्हॅनिलाचा गोडवा), चंदन आणि कृत्रिम कस्तुरी असते. पाश्चात्त्य परफ्यूमपैकी इव्ह सँ लोराँचे 'पॅरिस' (1983) हे गुलाब व व्हायोलेटच्या जोडीचे, तर लाँकोमचे 'त्रेझोर' (1990) हे गुलाब, पीच आणि पावडरी कस्तुरीचे ठळक उदाहरण मानले जाते. ही दोन्ही परफ्यूम सोफिया ग्रोस्मन यांनी जुळवली होती.

असे सुगंध जुळवणे हे स्वतंत्र शास्त्र आहे आणि महाराष्ट्राला त्याची परंपराही आहे. 1922 मध्ये मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही या क्षेत्रातील जुनी मराठी पेढी. मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचे शिक्षणही दिले जाते.

दिवसभरातील प्रवास

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत अल्कोहोल उडून जाते आणि त्यासोबत हलके, लिंबूवर्गीय घटक जाणवतात. या टप्प्यावर सुगंध तरतरीत, पण काहीसा पातळ वाटतो. दुकानात आपला निर्णय होतो तो नेमका याच वेळी. त्यानंतर साधारण दोन-तीन तास गुलाबाचे राज्य असते. चांगल्या मिश्रणात या काळात पावडर गुलाबाच्या कडा बोथट करते; पाकळीचा तीक्ष्णपणा जातो आणि मखमलीचा भास होतो. शेवटी गुलाब मागे सरतो, आणि कस्तुरी, चंदन व व्हॅनिला उरतात. अंग पुसून नुकताच पावडर लावलेल्या बाळासारखा हा वास कातडीजवळ सहा ते आठ तास, तर कपड्यांवर दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतो.

येथेच खरी मेख आहे. लावणाऱ्याचे नाक या सुगंधाला लवकर सरावते. आयोनोनचा वास तर येतो-जातो असे वाटते. शिवाय त्याची जाण प्रत्येकाला सारखी नसते. बीटा-आयोनोन कोणाला फुलासारखे गोड, तर कोणाला आंबट वाटते आणि कोणाला जाणवतच नाही. हा फरक मुख्यतः नाकातील एका ग्राहकाच्या जनुकामुळे पडतो, असे न्यूझीलंडमधील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले. काही कृत्रिम कस्तुरींचा वासही अनेकांना येत नाही. परिणामी 'उडून गेला' असे समजून आपण पुन्हा फवारतो आणि लोकलच्या डब्यात किंवा वातानुकूलित कार्यालयात शेजाऱ्याचे डोके दुखू लागते. आपल्याला वास येत नाही, याचा अर्थ तो नाही असा होत नाही. शंका आल्यास घरातल्या माणसाला विचारावे. तोच खरा निवाडा.

हवा, कातडी आणि कापूस

शेळगाव, अंथुर्णे, निमगाव केतकी हा पट्टा पर्जन्यछायेचा. वैशाखातील लग्नसराईत येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत टॉप नोट, म्हणजे सुरुवातीचे हलके घटक, झपाट्याने उडतात. कोरड्या कातडीवर सुगंध कमीच टिकतो. मुंबईच्या दमट हवेत मात्र तोच सुगंध अधिक गोड, जड आणि दूरवर पसरणारा भासतो. म्हणून पुण्या-मुंबईहून गावाकडच्या लग्नाला जाताना मात्रा वाढवण्याऐवजी कातडीवर आधी बिनवासाचे मलम चोळावे आणि मगच सुगंध लावावा.

आपल्या जुन्या रीती याबाबत शहाण्या होत्या. लग्नात आणि हळदी-कुंकवाला अत्तर हाताच्या पाठीवर लावत आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडत. दोन्हींत प्रमाण थोडे असे. कानाच्या पाळीतला अत्तराचा फाया तर उत्तम युक्ती होय. कापूस तेल धरून ठेवतो आणि शरीराच्या उबेने ते हळूहळू सोडतो. तेलात बांधलेले अत्तर कमी पसरते, पण जास्त टिकते. अल्कोहोलमधले परफ्यूम लवकर फुलते व दूर जाते. अत्तर रेशमावर किंवा जरीवर लावू नये, डाग पडतात.

खरेदी करताना

एक किलो गुलाबतेलासाठी साधारण साडेतीन ते चार टन पाकळ्या लागतात. तेव्हा शे-दोनशे रुपयांच्या बाटलीत 'शंभर टक्के शुद्ध गुलाब' असणे शक्य नाही. परंतु त्यामुळे ती वस्तू वाईट ठरत नाही. पावडरी गुलाब हा मुळातच जुळवलेला सुगंध आहे. आयोनोनशिवाय तो होतच नाही. प्रश्न शुद्धतेपेक्षा जुळणीचा आणि खरेपणाने सांगण्याचा आहे. चंदनतेल महागल्यापासून अनेक अत्तरांत त्याच्याऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा तत्सम द्रव वापरले जातात. 'यात बेस कशाचा आहे?' हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

कागदाच्या पट्टीवर निर्णय घेऊ नये. एका मनगटावर एकच सुगंध लावून दुकानाबाहेर पडावे आणि तीन तासांनी पुन्हा हुंगावे. सिट्रोनेलॉल व जिरॅनिऑल यांची काहींना अॅलर्जी असते. युरोपात 2005 पासून ही नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. नाजूक कातडी असल्यास कोपराच्या आतील बाजूस थेंब लावून दोन दिवस पाहावे. बाटली उन्हापासून दूर, कपाटात ठेवावी. उष्णतेने व प्रकाशाने गुलाब आंबूस होतो.

दोन फवारे पुरेत. एक मनगटावर, एक मानेमागे. हा सुगंध आपल्या आधी खोलीत शिरणारा नव्हे. जवळ बसलेल्याला तो जाणवावा आणि तुम्ही उठून गेल्यावर क्षणभर मागे राहावा, एवढेच त्याचे काम.